उजव्या हाताचा नवस

अण्णा, यंदाही रथ वेशीपर्यंत जाऊन परत आला. खोबऱ्याची पहिली वाटी उधळली गेली, परंतु ती कळसावरून पलीकडे गेली नाही. रथापुढे उभ्या असलेल्या हलगीवाल्याच्या खांद्यावर ती आपटली आणि सारी जत्रा हसली. तुमचा पणतूही हसला. मी हसले नाही, आणि देवळाचा म्हातारा पुजारी हसला नाही. आम्ही दोघे का हसलो नाही ते तुम्हाला सांगावे म्हणून हे लिहिते आहे. ज्याला हे सांगायला हवे तो माझा नातू आहे, आणि त्याला सांगण्याचे धैर्य मला होत नाही. म्हणून तुम्हाला.

तुम्ही गेलात तेव्हा तो पहिलीत होता आणि तुमच्या काठीचा घोडा करून अंगणभर फिरत असे. आज तो दारातून आत येताना मान लववतो. त्याची उपजीविका ऐकून तुम्ही प्रथम भुवया उंचावल्या असत्या. अमेरिकेतल्या एका संघाने त्याला वेतन देऊन ठेवले आहे, ते चेंडू फेकण्यासाठी. खेळाचे नाव बेसबॉल. मैदानात मातीचा लहानसा उंचवटा असतो; त्यावर तो एकटा उभा राहतो. समोर गोल दांडू घेतलेला प्रतिस्पर्धी, आणि त्याच्या मागे जाड हातमोजा घालून उकिडवा बसलेला झेलणारा. दांडूला चुकवून चेंडू त्या हातमोज्यात पोहोचवायचा, एवढेच याचे काम. अशा फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. मी प्रथम मोबाइलवर त्याचा सामना पाहिला तेव्हा मला वाटले, हे तर आपल्याच जत्रेतले दृश्य. फक्त मध्ये रथ नाही.

जत्रा तुम्हाला सांगण्याची आवश्यकता नाही, तरी लिहिते, कारण लिहिताना ती मला पुन्हा दिसते. वडूजच्या पलीकडे आपले गाव. चैत्रात देवाचा लाकडी रथ देवळासमोर सजून उभा राहतो. सुक्या खोबऱ्याची पहिली वाटी रथाच्या कळसावरून पलीकडे गेल्याखेरीज रथाच्या दोरीला कोणी हात लावीत नाही. पलीकडे एकजण उपरणे पसरून थांबलेला असतो. वाटी उपरण्यात पडली की हलगी कडाडते, दोरी ताणली जाते आणि मग सारा गाव खोबरे उधळतो. ती पहिली वाटी आपल्या घरच्या मुलाची, माझ्या नातवाची, झाली ती तुमच्या नवसामुळे. तो चार वर्षांचा आहे. पुजाऱ्याने त्याला खांद्यावर घेतले आहे. वाटी त्याच्या तळहातात मावत नाही, म्हणून त्याने ती बोटांच्या टोकांवर धरली आहे, आणि जीभ दातांत दाबून तो ती भिरकावतो. वाटी कळसावरून जाते खरी, पण वाऱ्याने तिरकी होते. तुम्ही धोतराचा सोगा सावरीत, त्या वयात, धावता आणि ती उपरण्यात झेलता. गाव ओरडतो. तुम्ही मात्र वाटीकडे पाहत नाही. त्याच्या उजव्या खांद्याकडे पाहता. त्याला पुढे देशोदेशीचे झेलणारे मिळाले, अण्णा, पण पहिला झेलणारा तुम्ही.

तुम्ही नवस बोलावा, याचे आश्चर्य मला अजून ओसरलेले नाही. मी मॅट्रिकला होते तेव्हाची सकाळ मला आठवते. स्वयंपाकघरात तुम्ही जेवायला बसला आहात, आई भाकरी थापते आहे, आणि मी हौसेने सांगते की पास झाले तर गणपतीला पेढे बोलले आहे. तुम्ही हातातला घास ताटात परत ठेवलात. म्हणालात, “देवाला गिऱ्हाईक समजलीस की दुकानदार?” आई म्हणाली, “आवं, लेकरू हाय, भ्यालंय.” तुम्ही म्हणालात, “भ्याले असेल तर नुसते भिऊ दे. भीतीला बाजारात नेऊ नये.” आणि निकालाच्या आदल्या दिवशी तुम्ही स्वतः पेढे आणून मला देवापुढे ठेवायला लावलेत, म्हणजे पास होण्याचा आणि पेढ्यांचा काही संबंध उरू नये. पुढे कित्येक प्रवचनांतून मी तुमच्या तोंडून तोच विचार ऐकला. पुराणांत ज्याने ज्याने देवाकडे वर मागितला, त्याने त्या वराच्या शब्दांतच आपल्या नाशाला दार ठेवले, असे तुम्ही सांगत असा, आणि देवळातला शेवटच्या रांगेतला माणूसही मान डोलवीत असे.

मग हा जन्मला. फाल्गुनात, मिरजेच्या रुग्णालयात. जन्मताना खांदा अडकला आणि ओढताना हाताच्या नसा ताणल्या गेल्या. उजवा हात अंगाला चिकटून लोंबत होता. बोट धरले तरी मूठ वळत नव्हती. डॉक्टरांनी आम्हा सर्वांना समोर बसवून सांगितले, की काही मुलांचे हात महिन्यादोन महिन्यांत आपोआप जागे होतात आणि काहींचे होत नाहीत. याचे काय होईल ते आज कोणालाही सांगता येणार नाही. मिरज जंक्शनावर गाडीची वाट पाहताना तुम्ही त्याला मांडीवर घेतलेत. तुमचे ओठ हलत होते. मला वाटले, स्तोत्र म्हणत असाल. कोरेगाव येईपर्यंत तुम्ही त्याच्या त्या निर्जीव तळव्यात आपले बोट ठेवून बसला होता.

चैत्रात तुम्ही मला म्हणालात, “बाळाला घे, जत्रेला जाऊ.” मी त्याला दुपट्यात गुंडाळून रथासमोर उभी आहे. ऊन चढलेले. तुम्ही पायातल्या वहाणा काढल्यात, रथाच्या चाकाला कपाळ लावलेत आणि बोललात. अण्णा, तुमची भाषा आयुष्यभर धुतल्या धोतरासारखी होती. तुम्ही रागावतानाही क्रियापद चुकवीत नसा. त्या दिवशी मात्र तुम्ही लहानपणीच्या बोलीत बोललात. तुमच्या तोंडून ती मी त्यापूर्वी कधी ऐकली नव्हती. “द्येवा, ह्यो हात उचलू दे. उचलला तर त्यो तुझा. दर साली ह्योच उजवा हात तुझ्या रथावर पयली वाटी उधळंल.” येथे थांबला असता तर तो साऱ्या गावाच्या नवसांसारखा एक नवस झाला असता. तुम्ही थांबला नाहीत. “आन् ज्या साली उधळणार न्हाई, त्या सालापासनं तुझा हात तू परत घे.”

कोरेगावच्या घरी परतताना एस.टी.त मी तुम्हाला विचारले, शेवटचे वाक्य का घातलेत? मागायचे ते मागून झाले होते. देवाने तर काही विचारले नव्हते. तुम्ही खिडकीबाहेरचे माळरान पाहत म्हणालात, “सौदा करायचाच, तर खोटा करू नये.” त्यानंतर तुम्ही नवसांवर कधी प्रवचन केले नाही. हात मात्र उचलला. वैशाख सरता सरता एका सकाळी त्याने माझा चष्मा ओढला, उजव्या हाताने. सून आनंदाने रडली. तुम्ही उठून देवघरात गेलात आणि पुष्कळ वेळ बाहेर आला नाहीत. तुम्ही कृतज्ञतेने आत बसला होता की भीतीने, हे मी त्या दिवशीही विचारले नाही.

त्याला आम्ही नवसाचा पूर्वार्ध तेवढा सांगितला. पणजोबांनी बोललेले, म्हणून दरवर्षी जायचे आणि पहिली वाटी उधळायची. त्याला त्यात भार कधी वाटला नाही. त्याला तो खेळ होता. पावसाळ्यात तो अंगणातल्या पेरूच्या शेंड्यावरून चिंध्यांचा चेंडू पलीकडे टाकी. दहा वर्षांचा होईपर्यंत तो खांद्यावरून उतरला आणि जमिनीवरून वाटी अशी नेमकी कळसावरून नेऊ लागला, की पलीकडे उपरणे धरणाऱ्याला पाऊल हलवावे लागत नसे. शाळेतल्या खेळाच्या शिक्षकांनी ते पाहिले आणि माझ्याकडे आले. “बाई, ह्याला क्रिकेटला घालू नका. क्रिकेटला गल्लीगल्लीत पोरं हायती. बेसबॉलला जिल्ह्यात चार शाळा. दोन मॅच जिंकल्या की राज्यावर. दहावीला मार्क वाढत्यात ते येगळंच.” अशा क्षुद्र हिशेबातून, अण्णा, मोठी गोष्ट सुरू झाली. तो राज्यावर गेला, देशाच्या संघात गेला, आणि एका परदेशी प्रशिक्षकाने त्याची फेक पाहून त्याच्या वडिलांना, म्हणजे माझ्या मुलाला, सीमेवरच्या त्याच्या ठाण्यावर दूरध्वनी केला. करार झाला. सर्वांत खालच्या पायरीवरचा संघ. लहान लहान गावांतून रात्रंदिवस बसने फिरायचे, पाव खायचा आणि फेकायचे. वर्षाने त्याला एक पायरी वर चढवले. तो फोनवर सांगत होता, “आज्जी, हितं एक माणूस नुसता माझे बॉल मोजायला ठेवलाय.” मी म्हणाले, “जप मोजतात तसे?” तो म्हणाला, “तसंच, पण जप जास्त झाला तर पुण्य लागतं. हितं जास्त झालं तर कोच आईबाप काढतो.”

पहिल्या विजयाचा चेंडू त्याने मला पाठवला. पांढरा, त्यावर तांबड्या दोऱ्याची वळणदार शिवण. देवघरात ठेवावा म्हणून मी हात पुढे केला आणि मला त्याचा वास आला. फोन लावला. “हे कातडे कशाचे रे?”  मग तो म्हणाला, “आज्जी, तू इचारू नको, मी सांगत नाही.” तो चेंडू तेव्हापासून ओसरीच्या खिडकीत एका लाकडी वाडग्यात आहे. देवघरापासून दूर, परंतु देवाच्या दृष्टीच्या टप्प्यात.

करार झाला त्या आनंदात एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. त्यांचा हंगाम वसंतात सुरू होतो आणि आपली जत्रा चैत्रात. पहिल्या वर्षी त्याने हळहळून विचारले, “आज्जी, सोडत नाहीत. काय करू?” मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, “देव समजून घेतो.” उत्तरार्ध मला पाठ होता, तरीही म्हणाले. त्या वर्षी पुजाऱ्याने भावकीतल्या एका मुलाकडून वाटी टाकून घेतली आणि रथ हलला. माझ्या नातवाने त्या वर्षी आयुष्यातील सर्वोत्तम फेक केली. एकामागून एक सामने जिंकले. मी मनाशी म्हटले, पाहा, शब्द हे शब्द असतात, देव व्याकरणकार नव्हे. दुसऱ्या वर्षी जत्रा गेली आणि पंधरवड्यात तो म्हणाला, करंगळीला मुंग्या येतात. मी तेल लावायला सांगितले. तिसऱ्या वर्षी हंगाम सुरू होण्याच्या आधी, साध्या सरावात, त्याच्या कोपराच्या आत काहीतरी टचकन वाजले. त्याने मला ते सांगितले तेव्हा त्याचा आवाज अगदी शांत होता. “दुखलं नाही गं फार. नुसता आवाज आला. वाळकी काडी मोडते ना, तसा.”

तिथल्या वैद्यांनी यंत्रातून पाहून सांगितले, की कोपराची हाडे एकत्र धरून ठेवणारा दोर फाटत आला आहे. शस्त्रक्रिया करावी लागेल. तोपर्यंत हात गळ्यात बांधून ठेवायचा, काहीही फेकायचे नाही. सूज उतरेपर्यंत घरी जा म्हणाले. अशा रीतीने तो घरी आला, आणि आला तो नेमका चैत्रात. दोन वर्षे देवाने वाट पाहिली आणि तिसऱ्या वर्षी त्याला कोपराला धरून परत आणले. हा विचार माझ्या मनात आला तेव्हा मी चहा गाळीत होते. 

सुनेने हट्ट धरला म्हणून आम्ही त्याला पुन्हा मिरजेला नेले, दुसरे मत घ्यायला. तो आता त्याच रुग्णालयांच्या रस्त्यावरून माझ्या पुढे चालतो आहे, हात पट्ट्यात, आणि तानपुऱ्यांच्या दुकानात डोकावून म्हणतो, “आज्जी, ह्यांच्या तारा कोपरात बसवता येतील काय?” डॉक्टर तरुण होते, मृदू होते. त्यांनी त्याच्या डाव्या मनगटात दिसणारी एक शीर, रक्ताची नव्हे, स्नायूची, दाखवली. तीच काढून उजव्या कोपरात ओवायची, असे शल्यवैद्य करतात म्हणाले. नातू माझ्याकडे वळून हसला. “बघ आज्जी. प्रतिनिधी!” लहानपणी मी त्याला तुमच्याकडून शिकलेले शिकवले होते, की यज्ञात तांदूळ मिळाले नाहीत तर रानातला भात, नीवार, चालतो, मूळ द्रव्याच्या जागी जे येते त्याला प्रतिनिधी म्हणतात. ते त्याच्या लक्षात होते. निघताना डॉक्टर म्हणाले, “एक लक्षात ठेवा. एक जरी जोरकस फेक झाली तर उरलेलं फाटेल, आणि मग नस दुखावली तर बोटांचं काही सांगता येणार नाही.” बोटांचं काही सांगता येणार नाही. असेच वाक्य मी याच रस्त्यावरच्या रुग्णालयात पूर्वी ऐकले होते.

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी तो माझ्या शेजारी ओसरीवर बसला. त्याच्या मांडीवर तो कातड्याचा चेंडू. सून आतून म्हणाली, “आई, त्याला सांगा, वाटी टाकायची म्हणतोय. डॉक्टरनं काय सांगितलंय ते आईकलंय न्हवं तुमी?” तो म्हणाला, “दोन साल चुकलंय. लोकं म्हणतात, म्हणून हात गेला. हळू टाकतो. कळसावरनं गेली की बास.” सून बाहेर आली. तिच्या हाताला पीठ होते. “हळू टाकून कळसावरनं जाती व्हय रं? आन् लोकांचा कोपर हाय का तुझा?” मग त्याने माझ्याकडे पाहून विचारले, “आज्जी, पणजोबा नेमकं काय बोलले होते?”

अण्णा, तो क्षण असा होता की त्यात दोन्हीकडे दरी होती. उत्तरार्ध सांगावा, तर तो फेकणार, आणि डॉक्टरांचे शब्द खरे होणार. न सांगावा, तर त्याच्याच हातावर लिहिलेली अट त्याच्यापासून लपवावी. मी सांगितले, “दरवर्षी हाताने पहिली वाटी उधळायची, एवढेच.” “उजव्या?” “हात हे द्रव्य आहे,” मी म्हणाले, “आणि द्रव्याला प्रतिनिधी चालतो. डाव्या हाताने टाक.” तो आनंदाने हसला, आज्जीने शास्त्रात वाट काढून दिली होती. तुम्ही ऐकत असाल तर तुम्हाला मी काय केले ते तत्काळ कळले असेल. त्याच शास्त्रात पुढे सांगितले आहे, की देवतेला प्रतिनिधी नाही, मंत्राला नाही, आणि ज्याने संकल्प केला त्या यजमानाला नाही. संकल्प करणारे तुम्ही तर निघून गेलात. ज्याच्या देहावर संकल्प केलात तो हात द्रव्य की यजमान, हे मी ठरवले नाही. मी फक्त अर्धे सूत्र सांगितले, जसा पूर्वी अर्धा नवस सांगितला होता.

जत्रेत तो उजवा हात पट्ट्यात बांधून रथासमोर उभा राहिला. गावाने वाट दिली. पलीकडे त्याचा चुलतभाऊ उपरणे धरून उभा. डाव्या हातातली वाटी त्याने एकदा वजन केल्यासारखी उडवली, पाय मागे घेतला, आणि तीच ती जुनी सवयीची वळणदार हालचाल, परंतु जणू आरशातली. वाटी त्याच्या हातातून उशिरा सुटली आणि हलगीवाल्याच्या खांद्यावर आपटली. “आगं आयायाया!” तो ओरडला. गाव लोटपोट झाला. पाठीमागून कोणी म्हणाले, “आरं ए अमेरिका! डाव्या हातानं आमची म्हातारी बी लांब टाकती रं!” त्याने मागे न वळता उत्तर दिले, “मग म्हातारीलाच पाठवा की माझ्या जागी! पगार चांगला हाय!” पुन्हा हशा. मग पुजाऱ्याने हात वर केला, भावकीतल्या त्या मुलाने वाटी कळसावरून नेली आणि रथ हलला. खोबऱ्याच्या त्या वर्षावात मी उभी होते. ‘म्हातारीलाच पाठवा माझ्या जागी’ एवढेच मला ऐकू येत होते.

रथ वेशीकडे गेल्यावर देवळासमोर मी आणि पुजारी दोघेच उरलो. तुम्ही नवस बोललात त्या दिवशी तो रथाची दोरी धरून उभा होता, हे मी विसरले होते. तो पायरीवर माझ्यापासून हातभर अंतरावर बसला. “बाई, अण्णांनी उजवा म्हनलं व्हतं.” मी म्हणाले, “होय.” “आन् फुडचं बी म्हनलं व्हतं. मी दोरीपाशीच व्हतो. चाकाला डोकं लावून म्हनलं. कुनी न्हाई आईकलं, मी आईकलं.” मग त्याने विचारले, “पोराला ठावं हाय?” “नाही.” तो बराच वेळ पायरीवरचे खोबऱ्याचे कण वेचीत राहिला. “मग नका सांगू. दोन साल मी दुसऱ्याकडनं टाकून घेतली, तवा वाटलं व्हतं, चालवून घील द्येव. आवं, द्येव लय सोशिक असतुया. पर इसरत न्हाई.” तो उठला, आणि जाताना म्हणाला, “गाभारा उघडाच ठिवलाय.”

मी आत गेले. तेथे तुमच्यासारखे कपाळ टेकले. मला अस्खलित प्रार्थना येतात, अण्णा, तुम्हीच शिकवल्यात. त्यांतली एकही ओठांवर आली नाही. माझ्या तोंडून जे निघाले ते तुमच्याच बोलीत निघाले, जी मी आयुष्यात कधी बोललेले नाही. “त्याचा नगं. ह्यो घे.” आणि मी माझा उजवा हात दगडावर ठेवला. दगड गार होता. अटीचे वाक्य मी घातले नाही; ते तुम्ही आधीच घातलेले होते. बाहेर आले तेव्हा तो रथ परतताना पाहण्यासाठी टाचा उंचावून उभा होता, आणि मला पाहून त्याने डाव्या हाताने हात हलवला.

तो परवा परत गेला. आज, मी हे लिहीत असताना, तेथे त्याच्या शस्त्रक्रियेची तयारी चालली असेल. डावे मनगट उघडतील, त्यातला दोर काढतील आणि उजव्या कोपरात ओवतील. ती शीर तरी खरा प्रतिनिधी ठरो. नसेला धक्का लागला नाही तर वर्षभराने तो पुन्हा त्या मातीच्या उंचवट्यावर उभा राहील. लागला तर काय, हे डॉक्टरांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. सून सकाळपासून दूरध्वनीजवळ भाजी निवडते आहे. एकच जुडी, पुन्हा पुन्हा.

तुमची पोथी तुम्ही ठेवली होतीत त्याच उंच फळीवर आहे. ती काढायला मला टाचा उंचावून उजवा हात पूर्ण वर न्यावा लागतो. जत्रेपासून रोज सकाळी स्नान करून मी तेथे उभी राहते आणि हात वर नेते. पोथीसाठी नव्हे, पाहण्यासाठी. खांदा जड होतो का, बोटे बधिर होतात का, करंगळीला मुंग्या येतात का. माझ्या वयाच्या बायकांचे खांदे कारण नसतानाही आखडतात. मी तर कारण देऊन आले होते. तुम्ही म्हणाल, हा वेडगळपणा आहे आणि शिवाय अशास्त्रीय आहे. यजमानाला प्रतिनिधी नसतो हे ज्याला कळते त्याने असा बदल मागणे म्हणजे जाणूनबुजून खोटा सौदा करणे. हे तुम्हाला पोहोचणार नाही, हे मला ठाऊक आहे. पोहोचणार असते तर पुढचे मी लिहिले नसते.

आज पहाटे मी पुन्हा फळीसमोर उभी राहिले. हात वर नेला. तो सहज गेला, अण्णा. पूर्वीपेक्षाही सहज. बोटे पोथीच्या फडक्यापर्यंत पोहोचली आणि गाठीवर घट्ट बसली. म्हणजे देवाने माझा हात घेतला नाही. म्हणजे तुमचे वाक्य अजून जेथे होते तेथेच आहे, आणि आज तिकडे त्याला शस्त्रक्रियेच्या मेजावर घेणार आहेत. हे सारे मला पुढच्या श्वासात कळले. परंतु त्या आधीच्या श्वासात, एका अत्यंत लहान क्षणासाठी, मला हायसे वाटले.